एकाच दिवशी दोन्हीकडे

३ फेब्रुवारी

चि. ठमीस,
अ. उ. आ.

तुझं पत्र येऊन पंधरा दिवस झाले. उत्तराला उशीर झाला, कारण सध्या मी कामात आहे. हसू नकोस. निवृत्त माणसालाही काम असतं, फक्त त्यावर घरातल्यांचा विश्वास बसत नाही.

तर बातमी अशी. व्यावसायिक फुटबॉल आणि प्रथम श्रेणीचं क्रिकेट असे दोन्ही खेळ खेळलेल्या माणसांवर एक जाडजूड पुस्तक निघतंय. असे आम्ही एकूण सतराजण. त्यासाठी एक आकडेवाल्या बाई घरी येऊन गेल्या. वय तिशीच्या आतबाहेर, खांद्याला पिशवी, पिशवीत जुन्या धावपुस्तकांच्या नकला. माझे एकशे चार फुटबॉल सामने आणि अडतीस क्रिकेट सामने त्यांना माझ्यापेक्षा जास्त पाठ आहेत. मी कुठे, कोणाच्या चेंडूवर, कसा बाद झालो हे त्या मलाच सांगत होत्या. ऐकताना थोडं लागलं, पण मी दाखवलं नाही. तुझी वहिनी मात्र खूष. चहाबरोबर बिस्किटांची बशी दोनदा भरली.

सतराजणांत माझं पान वेगळं असणार. कारण तुला ठाऊकच आहे. दिवसा क्रिकेट आणि त्याच संध्याकाळी फुटबॉल, असा दिवस माझ्या एकट्याच्याच वाट्याला आला. सहाला खेळ थांबला तेव्हा मी त्रेसष्टवर नाबाद. सव्वासातला, सत्तर किलोमीटर पलीकडे, नऊ नंबरचा शर्ट घालून मैदानात. मोटारीत पॅड सोडले, मोटारीतच बूट चढवले, दोन केळी खाल्ली. पाय लाकडासारखे झाले होते. म्हणून तर एकाहत्तराव्या मिनिटाला डोक्याने बाहेर काढायचा चेंडू आपल्याच जाळ्यात गेला आणि आपण एक-शून्यने हरलो. दिवसभर फलंदाजी केलेल्या माणसाला एवढं माफ असावं. बाईंनी शब्दन् शब्द टिपून घेतला.

आता त्यांची एक अडचण आहे. तो क्लब कधीच बंद पडला. बरोबरचे बरेचसे गेले, आणि जे उरलेत त्यांना सकाळी काय खाल्लं तेही सांगता येत नाही. प्रत्यक्ष पाहिलेलं कोणीतरी हवं. तू तेव्हा त्याच गावात शाळेत नवीन लागली होतीस आणि सामना बघायला आली होतीस, हे मी बोलता बोलता सांगून गेलो. बाईंचा चेहरा असा फुलला की काय सांगू. तर तू दोन ओळी लिहून पाठव. त्या संध्याकाळी मी माझ्या थोरल्या भावाला खेळताना प्रत्यक्ष पाहिलं, इतकंच. खाली सही. पुस्तक एप्रिलअखेर छापायला जाणार, म्हणून मार्चच्या मध्यापर्यंत पोचलं पाहिजे.

बारक्याचं चष्म्याचं दुकान कसं चाललंय? तो मला लिहीत नाही. तुला लिहितो, हे मला माहीत आहे.

आशीर्वाद भरपूर आहेत, दोन ओळी मात्र लवकर हव्यात.

तुझा,
दादा

११ फेब्रुवारी

ती. दादास,
शि. सा. न. वि. वि.

पुस्तकाची बातमी वाचून खरंच बरं वाटलं. एकशे चार आणि अडतीस! आमच्या घरात कोणालाच एवढं काही जमलं नाही. मी चौतीस वर्षं भूगोल शिकवला, पण कोणी माझे तास मोजायला आलं नाही.

केळी दोनवर आली याचंही समाधान वाटलं. गेल्या लग्नात तू जेव्हा गोष्ट सांगितलीस तेव्हा ती चार होती, आणि मोटार चालवणारा वाटेत गाणी म्हणत होता. त्याआधीच्या लग्नात रस्त्यातली दोन्ही रेल्वे फाटकं तुला बघून उघडली होती. मला ती गोष्ट आवडते. तू ती सांगायला लागलास की लोक खुर्च्या जवळ ओढतात, आणि मग मलाही वाटायला लागतं की असंच झालं असेल.

दोन ओळी लिहायला बसले. पहिली लगेच झाली. त्या संध्याकाळी मी मैदानावर हजर होते. दुसरी काही होईना. तीन कागद फाडले.

दादा, आपण हे कधी बोललो नाही, म्हणून आज लिहून टाकते. नऊ नंबरचा शर्ट बारक्याच्या अंगात होता. बाह्या त्याच्या बोटांपर्यंत येत होत्या. मी तुला बघायला गेले होते आणि तिकीटखिडकीशेजारच्या बाकावरून बारक्याला बघून आले. माझ्या शेजारी बसला असतास तर तुलाही दिसलं असतं, पण तू नव्हतास. दुसऱ्या दिवशी वर्तमानपत्रात तुझं कौतुक वाचलं तेव्हा मला वाटलं, चूक झाली असेल, तू ती दुपारपर्यंत सुधारशील. त्याला आता शेहेचाळीस वर्षं झाली.

माझ्याकडून दोन ओळी हव्याच असतील तर मी जे पाहिलं तेच लिहीन. ते तुला चालणार नाही हे कळतं मला. म्हणून आधी तुलाच विचारते. आणि एक. तू बारक्याला विचारलंस का?

वहिनींना नमस्कार. तुझ्या गुडघ्यांना माझ्याकडून काही सांगू नकोस, ते तुझं ऐकत नाहीत तर माझं काय ऐकणार.

रागावलास तरी माया कमी करू नकोस,
ठमी

२० फेब्रुवारी

ती. वन्संस,
सा. न. वि. वि.

तुमचं पत्र आल्यापासून आमच्याकडे मौनव्रत चालू आहे. तुमचे बंधुराज ते पत्र घेऊन न्हाणीघरात गेले आणि अर्ध्या तासाने बाहेर आले. काय लिहिलंय म्हणून विचारलं तर म्हणाले की ठमीची पाठ दुखते. मग दिवसभर माझीच पाठ दुखत असल्यासारखे माझ्यापासून लांब लांब राहिले. चहात साखर घातली नाही तरी कळलं नाही. दोन दिवस मी बिनसाखरेचाच दिला, डॉक्टर खूष होतील म्हणून.

आकडेवाल्या बाईंचा परवा पुन्हा फोन आला. त्यांनी पान लिहून पाठवलंय, छापायच्या आधी नजर टाकून सही करायची आहे. पान टेबलावर पडून आहे. हे पेन हातात घेतात, सही दुसऱ्या कागदावर करून बघतात, आणि पेन बंद करतात. अख्ख्या आयुष्यात लोकांना सह्या दिल्या, आता सरावाची गरज का पडावी?

वन्सं, मी बाहेरून आलेली असले तरी पंचेचाळीस वर्षं इथेच आहे. तुम्ही मला सांगायचं टाळत असाल तर टाळू नका. लग्नानंतर आम्ही पहिल्यांदा मोटारीने निघालो तेव्हा दहा किलोमीटरवर ह्यांनी गाडी थांबवली आणि रस्त्याच्या कडेला बसले. मागच्या सीटवरून नुसती पाण्याची बाटली उचलायला वाकले होते. चालत्या गाडीत मान खाली घातली की ह्यांना मळमळतं. आजही नकाशा मीच बघते. ज्या माणसाला गाडीत बुटाची नाडी बांधता येत नाही, तो पॅड सोडून, बूट चढवून, केळी खाऊन फुटबॉल खेळला, हे मला त्या रस्त्याच्या कडेलाच खोटं वाटलं होतं.

तरी मी कधी विचारलं नाही. माझ्या वडिलांनी वर्तमानपत्राचं ते कात्रण बघून होकार दिला होता, आणि ते जिवंत असेपर्यंत सगळ्या पाहुण्यांना दाखवायचे. मग कशाला? पण तेव्हा कोण खेळलं असेल, एवढं कुतूहल मात्र आहे. भाऊजी का आपल्याकडे येत नाहीत, याचा त्याच्याशी काही संबंध आहे का?

सविस्तर लिहा. मनात आहे तितकं कागदावर आलं तरी मी माझी समजूत करून घेईन.

आपली,
वहिनी

२६ फेब्रुवारी

चि. बारक्यास,
अ. उ. आ.

सोबत दादाच्या पत्राची नक्कल पाठवते आहे. आधी ते वाच, मग पाणी पी, मग माझं वाच.

वाचलंस? तर आता प्रश्न असा की मला साक्ष द्यायची आहे. मी दादाला कळवलं आहे की खोटी देणार नाही. पण खरी द्यायची की गप्प बसायचं, हे माझं मी ठरवणं बरोबर नाही. गप्प बसण्याची मला सवय आहे. त्या दिवसापासून मीही गप्पच बसले, त्यामुळे दादाला बोल लावताना माझा आवाज फार चढत नाही.

वहिनींना अर्धं कळलंय आणि उरलेलं कळायला त्यांना वेळ लागणार नाही. त्यांची काळजी करू नकोस.

तुला काय हवंय ते सांग. तुला स्वतःला. दादाला काय वाटेल, लोक काय म्हणतील, हे तू लिहिलंस तर मी ते पत्र तसंच परत पाठवीन, लाल शाईने खूण करून. तुला माहीत आहे मी करते.

तुझ्या उत्तराच्या वाटेकडे डोळे लावलेली, आणि चष्मा बदलायला आलेली,
ताई

६ मार्च

ती. ताईस,
शि. सा. न. वि. वि.

चष्म्याचा नंबर कळव, काचा मी स्वतः घासून देतो. दुकान ठीक चाललंय. परवा एक गृहस्थ आले आणि म्हणाले की नवा चष्मा लावल्यापासून बायको म्हातारी दिसते, तर काच बदलून मिळेल का. मी सांगितलं की मिळेल, पण मग वर्तमानपत्र दिसणार नाही. ते विचार करून येतो म्हणाले.

दादाचं पत्र चार वेळा वाचलं. पहिल्यांदा हसू आलं. पाय लाकडासारखे झाले होते म्हणे! पाय माझे होते.

तुला मी हे कधी नीट सांगितलं नाही. त्या दिवशी मी संघाबरोबर सामानाच्या पेट्या उचलायला गेलो होतो. राखीव संघातला पोरगा, मुख्य संघात एकदाही नाही. दादा क्रिकेट संपवून येणार, म्हणून कोचने यादीत त्याचं नाव घालून कागद पंचांकडे देऊन टाकला होता. कागदावर फक्त आडनाव आणि नंबर. सात वाजले, दादा नाही. कोच प्रवेशद्वारात उभा राहून रस्ता बघत होता. सात-दहाला आत आला, शर्ट माझ्या अंगावर फेकला आणि म्हणाला की भाऊ येईपर्यंत खेळ. आडनाव तेच, त्यामुळे कागद बदलावा लागला नाही. बदलला असता तर नियमात बसलं नसतं, म्हणून नंतर क्लबनेही तोंड बंद ठेवलं.

पहिली वीस मिनिटं मी चेंडूपेक्षा प्रवेशद्वाराकडेच जास्त बघत होतो. मग माझ्या लक्षात आलं की तो येऊ नये असं मला वाटतंय. त्यानंतर मी खेळलो, ताई. तू पाहिलंस. एकाहत्तराव्या मिनिटापर्यंत मी बरा खेळलो.

दुसऱ्या दिवशीच्या बातमीत दादाचा दोष नव्हता. बातमीदाराला दोन्हीकडचे निकाल फोनवरून मिळाले, दोन्हीकडे एकच आडनाव दिसलं, आणि त्याने परस्पर हिशेब जुळवला. दादाने फक्त नाही म्हटलं नाही. महिनाभराने मी त्याला विचारलं. तो जिन्यात बुटांना पॉलिश करत होता. मी म्हटलं, तो सामना माझ्या नावावर करायला सांग. तो म्हणाला की वेडा आहेस का, नोंदवहीत तुझं पहिलंच नाव स्वयंगोलाने लागेल, ते बरं दिसतं का, राहू दे माझ्या अंगावर. पुढच्या मोसमात तुला वीस सामने मिळतील, हा एक घेऊन काय करतोस.

तो प्रेमाने म्हणाला होता. म्हणून तर मला भांडता आलं नाही. पुढच्या मोसमाच्या आधीच क्लबने मला कमी केलं. वीस सोड, एकही मिळाला नाही. मी काचा घासायला लागलो.

तुझा प्रश्न. लाल शाईच्या भीतीने सरळ लिहितो. मला तो सामना हवा आहे. त्या गोलासकट हवा आहे. माझ्याकडे दुसरा नाही.

माया राहू दे. बाकी सगळं दादाने ठेवलं तरी चालेल.

तुझा,
बारक्या

१४ मार्च

ठमीस,
आ.

बारक्याचं पत्र तू मला पाठवलंस. त्याच्या परवानगीने की तुझ्या मास्तरकीच्या हक्काने, ते लिहिलेलं नाही. असो.

मी काही चोर नाही. त्या गोलाबद्दल शेहेचाळीस वर्षं टोमणे मी खाल्ले. एकदा न्हाव्याने मानेवर वस्तरा असताना विचारलं होतं की स्वतःच्याच जाळ्यात कसा काय मारलात. ते बारक्याने ऐकून घेतलं असतं का? विसाव्या वर्षी? मी त्याच्यावरचं ओझं उचललं, आणि आता ओझ्यालाच पाय फुटले.

आता तू विचारलंच आहेस तर सांगतो. मी निघणारच होतो. मोटार उभी होती. पण त्या संध्याकाळी निवड समितीतले दोघे जेवायला थांबणार होते, आणि मी त्रेसष्टवर नाबाद होतो. शतक झालं असतं तर देशाच्या संघाचं दार उघडलं असतं, असं कर्णधाराने दोनदा कानात सांगितलं. मी राहिलो. क्लबला फोन करायचा राहून गेला. राहून गेला म्हणजे मी केला नाही. जेवताना निवड समितीतले दोघे आपापसात त्यांच्या मुलांच्या शाळांबद्दल बोलले. दुसऱ्या दिवशी सकाळी दुसऱ्याच चेंडूवर माझा त्रिफळा उडाला. त्यानंतर वर्तमानपत्र हातात आलं. त्यात मी एका दिवसात दोन सामने खेळलो होतो. त्या दिवशी मला दुसरं काहीच मिळालं नव्हतं, ठमे. मी ते घेतलं.

आता मार्ग काढू. मी बाईंना असं कळवतो की मोटार रस्त्यात अडकली, मी मध्यंतराला पोचलो. पूर्वार्ध बारक्या खेळला, उत्तरार्ध मी. अर्धा त्याचा, अर्धा माझा. माझं पान टिकतं, त्याचं नाव लागतं, आणि गोल उत्तरार्धातला असल्यामुळे तो माझ्याच अंगावर राहतो. कोणाचंच नुकसान नाही. तुला फक्त सहीच करायची आहे.

उत्तर हो असेल तरच लवकर पाठव.

दादा

२४ मार्च

ती. वन्संस,
सा. न. वि. वि.

तुम्ही त्यांना उत्तर पाठवलं नाहीत, हे फार बरं केलंत. नाही म्हणाला असतात तर त्यांना भांडायला कोणीतरी मिळालं असतं. आठ दिवस ते पोस्टमनची वाट बघत होते. पोस्टमन बिचारा आमच्या दाराशी आला की पाठ करून उभा राहायचा.

अर्ध्या-अर्ध्याच्या त्या पत्राचा खर्डा मी वाचला. कचऱ्यात नव्हता, माझ्या शिवणाच्या डब्यात होता, म्हणजे मी वाचावा अशीच व्यवस्था केलेली होती. संध्याकाळी मी भाजी चिरत होते आणि हे शेंगा सोलत होते. मी म्हटलं की मध्यंतराला पोचलात हेही कोणी मानणार नाही, कारण बूट गाडीत घातले असते तर तुम्ही मैदानात पोचल्यावर आधी ओकला असतात. ह्यांचा हात थांबला. मला कधीपासून माहीत आहे म्हणून विचारलं. मी लग्नानंतरचा तो रस्ता सांगितला. मग हे पुन्हा शेंगा सोलायला लागले.

नंतर एकदम विचारतात कसे की मग तू राहिलीस कशी. आता ह्याला काय म्हणावं? जणू मी शेहेचाळीस वर्षांपूर्वीच्या एका फुटबॉल सामन्याशी लग्न केलं होतं. मी सांगितलं की मला फुटबॉल कळत नाही, क्रिकेट त्याहून कळत नाही, मला चांगल्या सोललेल्या शेंगा कळतात. हसले नाहीत. पण त्यांनी टरफलं उचलून स्वतः टाकली, हे आमच्याकडे नवीन आहे.

दुसऱ्या दिवशी हे स्वतः बाईंना पत्र लिहायला बसले. पहिल्या खर्ड्यात तीन पानं पार्श्वभूमी होती. दुसऱ्यात दोन. तिसरा मला वाचून दाखवला. तो सामना मी खेळलो नाही, माझा धाकटा भाऊ खेळला, पूर्ण नव्वद मिनिटं, आणि मी कळवलंही नव्हतं. इतकंच. स्वतः जाऊन पेटीत टाकलं. मी गॅलरीतून बघत होते. टाकल्यावर पेटीच्या फटीत बोटं घालून बघितली. मागे एक बाई पत्र टाकायला थांबली होती, म्हणून हात काढला. तिने बहुधा ह्यांना चोर समजलं. समजू दे म्हणा.

आता तुमच्या दोन ओळी बाईंना पाठवून द्या. भाऊजींना कळवा की मी जेवायला बोलावते आहे, ह्यांनी नाही, म्हणजे त्यांना येता येईल.

आपला लोभ आमच्या घरावर आहेच, तो ह्यांच्यावरही थोडा परत फिरवावा.

आपली,
वहिनी

१९ जून

ती. ताईस,
शि. सा. न. वि. वि.

तुझ्या ऑपरेशन झालेल्या डोळ्याची पट्टी निघाली का? पट्टी असतानाच नेमका पुस्तकाचा समारंभ यावा, हे तुझ्याच बाबतीत होऊ शकतं. तू नव्हतीस म्हणून सगळं लिहितो.

आधी पुस्तक. ते दोन्ही खेळ खेळलेल्यांचं असल्यामुळे माझं पान त्यात बसत नाही, हे तू आणि मी दोघंही विसरलो होतो. दादाच्या पानावर फुटबॉलचे सामने एकशे तीन झालेत, आणि तिथे एक बारीक चांदणी आहे. खाली तळटीप. त्या तारखेचा सामना धाकट्या भावाने खेळला. अक्षर इतकं लहान आहे की वाचायला माझ्याच दुकानातला चष्मा लागतो. शेहेचाळीस वर्षांनी मी दादाच्या पानाच्या तळाशी पोचलो. पण पोचलो. तू पाठवलेल्या ओळींचाही त्यात उल्लेख आहे, तुझं नाव नाही, फक्त प्रत्यक्षदर्शी. आपलं घराणं असंच.

सभागृह खेळाच्या ग्रंथालयाचं. सत्तर-ऐंशी माणसं असतील. मी आणि वहिनी तिसऱ्या रांगेत. सतराजणांपैकी सहाजण आले होते, सगळे काठ्या टेकत. मला भीती होती की एकाच दिवशीचा तो मान गेल्यावर दादाकडे सांगायला काही उरणार नाही. आकडेवाल्या बाईंनी माईक दिला तेव्हा त्याने तो या हातातून त्या हातात घेतला. पुढे काय बोलला असेल ओळख.

माझा सामना! त्याने माझा सामना सांगायला घेतला. आधी स्वतःचं सांगितलं, ते प्रामाणिकपणे, फोन केला नाही हेसुद्धा. पण पुढे त्याला रंग चढला. शर्टाच्या बाह्या कशा लांब होत्या, कोच प्रवेशद्वारात कसा उभा होता, हे तर तुझ्या-माझ्याच पत्रांतलं. त्यानंतर मी तिघांना चकवून गोलच्या खांबाला चेंडू मारला म्हणे. खांबाचा आवाज त्याने तोंडाने काढून दाखवला. लोकांनी खुर्च्या जवळ ओढल्या. वहिनींनी माझ्याकडे बघितलं आणि पदर तोंडाला लावला. रडत होत्या की हसत होत्या, कळलं नाही.

मग तो गोलापाशी आला. आवाज खाली आणला. म्हणाला की कोपऱ्यावरून चेंडू आला, अचानक वारा सुटला, चेंडू आधी समोरच्याच्या खांद्याला लागला आणि मग माझ्या भावाच्या कपाळाला निसटता स्पर्श करून आत गेला. खरं तर तो गोल भावाच्या नावावर लावणंच अन्याय आहे. सभागृहात हळहळ झाली. दोघांनी टाळ्यासुद्धा वाजवल्या.

ताई, मी उठून उभा राहिलो. दुकानात गिऱ्हाइकाला खालची ओळ वाचा म्हणतानाही माझा आवाज चढत नाही. मी मोठ्याने म्हणालो की वारा नव्हता. कोणाचाही खांदा मध्ये नव्हता. दादा माईकवरून म्हणाला की इतकी वर्षं झाली, तू विसरला असशील. मी म्हणालो की तुला काय माहीत, तू तिथे नव्हतास.

वहिनींनी माझा शर्ट मागून धरला होता, बसवायला की उभं ठेवायला कोण जाणे. दादा माझ्याकडे बघत राहिला. मग हसला, तसा तो लहानपणी हरल्यावर हसायचा, आणि लोकांना म्हणाला की हे मात्र खरं, मी तिथे नव्हतो, त्यालाच विचारा. माईक खाली ठेवला आणि स्वतः पुढच्या रांगेत जाऊन माझ्याकडे तोंड करून बसला.

मग मी सांगितलं, जागेवरूनच. कोपऱ्यावरून चेंडू आला तेव्हा माझ्या आसपास कोणीही नव्हतं. मी अगदी वेळेवर उडी मारली. चेंडू कपाळाच्या बरोबर मध्यावर बसला आणि वरच्या कोपऱ्यातून आत गेला. आपला गोलरक्षक जागचा हललासुद्धा नाही, त्याला संधीच नव्हती. इतका स्वच्छ हेडर मी आयुष्यात दुसरा मारला नाही.

तू बघितलास ना? पट्टी निघाली की लिही.

तुझ्या मायेचा हक्कदार,
बारक्या